दाईच्या पगाराचा नाका

होळेवाडीचा रेवणप्पा वाणी उभ्या जन्मात एकदाही करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरून माल घेऊन गेला नव्हता, आणि त्याची त्याला कधी लाजही वाटली नव्हती. गावाच्या मावळतीला ओढा होता. ओढ्याच्या अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामसरकार. पलीकडं इंग्रजी, म्हणजे सोलापूरचा मुलूख. मीठ, कापड, सुपारी पलीकडं स्वस्त. मिरची अलीकडं स्वस्त. कुठलाही माल ओढा ओलांडू लागला, मग तो येवो की जावो, निजामसरकारला जकात द्यावी लागे. त्यासाठी गाडीवाटेवर एक नाका होता. नाका म्हणजे पत्र्याची खोली, वाटेवर आडवा टाकलेला बांबू, एक अमीनसाहेब आणि खाजामियाँ नावाचा जवान.

नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, बाभळबनाच्या आडून, ओढ्यात उतरणारी दुसरी वाट होती. ही वाट नाक्याहून जुनी होती आणि चाकोऱ्या तिच्यावरच जास्त खोल होत्या. गावातल्या बैलांना ती पाठ होती. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल बाभळबनाकडं वळत आणि सरकारचं नुकसान आपापल्या अकलेनं करून घरी येत.

खाजामियाँला हे ठाऊक होतं. पण त्याचं काम बांबू वर-खाली करण्याचं होतं, बाभळी राखण्याचं नव्हतं. अमीनसाहेब कोंबड्या पाळत. त्यांच्या कोंबड्यांची वसुली नाक्यापेक्षा नियमित होती.

नाक्याच्या मागं दवाखान्याची एक खोली होती. मागच्या एका अमीनसाहेबांच्या बेगम इथं बाळंत होताना अडल्या. गावच्या सुईणीनं नाळ कापायला विळा धुऊन आणला, तो पाहून साहेबांनाच घेरी आली. बेगम वाचल्या. पण साहेबांनी त्यानंतर वर इतके कागद लिहिले की वरच्यांनी कंटाळून 'नाक्याच्या अमल्याच्या कुटुंबांसाठी', म्हणजे तिथल्या नोकरांच्या बायकापोरांसाठी, एक दाई मंजूर केली. दाई हजर झाली आणि त्याच महिन्यात साहेबांची बदली झाली. पुढचे सगळे अमीन कुटुंब हैदराबादेत ठेवून येत. अशा रीतीनं, ज्यांच्यासाठी दाई नेमली ते कुणीच गावात नव्हते, आणि ज्यांच्यासाठी नेमली नव्हती ते सगळे होते.

दाईचं नाव हमिदाबी. नळदुर्गची विधवा बाई, हैदराबादेत जनान्या दवाखान्यात शिकलेली. ती कात्री पाण्यात उकळायची. पहिल्यांदा गावच्या बायका ते बघायला जमल्या आणि लोखंड शिजायला किती वेळ लागतो म्हणून हसल्या. पुढं जेव्हा लागोपाठ अडलेल्या बायका सुटल्या आणि बाळं बाराव्या दिवसानंतरही जगली, तेव्हा हसणं थांबलं. कात्री उकळताना बायका आता हात जोडून बसत.

रेवणप्पाच्या घरी या हमिदाबीची निकड होती. त्याचा मुलगा शिवशरण सोलापुरात गिरणीत होता, सून गौरव्वा घरी होती. रिवाजाप्रमाणं पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी, ओढ्यापलीकडं गेली, आणि मोकळ्या हातानं परत आली. दुसऱ्या वेळी तसंच झालं, आणि त्या वेळी तीही जाता जाता राहिली. आता तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. रेवणप्पाच्या बायकोनं, चन्नम्मानं, विहिणीला निरोप धाडला की पोरीला या खेपेला धाडणार नाही. तुमच्या इंग्रज सरकारात रेल्वे असेल, पण आमच्या मोगलाईत हमिदाबी आहे. विहिणीला राग आला, पण पोर होळेवाडीतच राहिली.

हे एकेचाळीस सालचं. लढाई लांब कुठंतरी चालू होती आणि सुपारीच्या भावात तेवढी कळत होती. महाशिवरात्र झाली आणि अमीनसाहेब रेवणप्पाच्या दुकानात चहा घ्यायला आले. ते खुशीत होते. त्यांनी सांगितलं की वरून हुकूम आला आहे. ज्या नाक्याची वसुली अमल्याच्या पगाराइतकीही होत नाही, ते नाके मृगाच्या आत बंद करायचे. होळेवाडीची वसुली तर खाजामियाँच्या एकट्याच्या पगाराइतकी होत नव्हती. साहेबांना वाटत होतं, आता तरी शहर मिळेल.

रेवणप्पानं विचारलं, हमिदाबीचं काय.

साहेब म्हणाले, ती नाक्याच्या अमल्यातली. नाका नाही तर ती नाही.

साहेब गेल्यावर रेवणप्पाची नजर मिठाच्या पोत्यावर गेली. ते पोतं कालच बाभळबनातून आलं होतं. बापाच्या काळापासून जेवढी पोती त्या वाटेनं आली, तेवढ्यांची जकात कुणी मागितली नव्हती, आणि ती कुठं लागते हे कुणी सांगितलंही नव्हतं. सरकार पैसा घेतं आणि हैदराबादेत त्याचं काहीतरी करतं, एवढंच गावाला माहीत. त्यातला काही पैसा ओढ्याकाठी येऊन कात्री उकळतो, हे रेवणप्पाला आज कळलं. ते कळून त्याला मुळीच आनंद झाला नाही.

संध्याकाळी त्यानं चन्नम्माला सांगितलं की पुढची गाडी नाक्यावरून आणणार. चन्नम्मा भाकरी थापत होती.

"आवं, ताप आलाय का?" ती म्हणाली.

आठवड्यानं रेवणप्पाची गाडी खरंच नाक्यासमोर येऊन उभी राहिली. त्यासाठी बैलांशी झटापट करावी लागली, कारण ते बाभळबनाकडंच ओढत होते. खाजामियाँ बाजेवर पडला होता. तो उठून बसला आणि गाडीकडं बघून पुन्हा आडवा झाला. त्याला वाटलं, वाणी वाट चुकला.

"खाजाभाई, माल आणलाय. जकात घ्या," रेवणप्पा म्हणाला.

खाजामियाँनं अमीनसाहेबांना उठवलं. साहेबांनी विचार केला की एवढा मुरलेला वाणी आपण होऊन जकात द्यायला येतो, तेव्हा मिठाखाली नक्की काहीतरी भलतं आहे. सगळी पोती उतरवली. मीठ चटईवर ओतून बघितलं. कापडाचे तागे उलगडले. दुपार झाली तरी काही सापडेना, तसतसा साहेबांचा संशय वाढला. अखेर त्यांनी जकात घेतली, पण घेताना त्यांचा चेहरा फसवला गेल्यासारखा होता.

मीठ दुकानात आलं तेव्हा ते महाग झालं होतं. त्याच दिवशी बिरदेव गाडीवान बाभळबनातून मीठ घेऊन आला आणि गाडीवरूनच विकू लागला. रेवणप्पाच्या दारात ज्या बायका हमिदाबीचं नाव काढून डोळ्याला पदर लावत, त्या बिरदेवच्या गाडीपुढं रांगेत होत्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं. दाई वर्षा-दोन वर्षांनी लागते, मीठ रोज.

रेवणप्पानं गाव मारुतीच्या पारावर जमवलं. ज्ञानोबा पाटील मधोमध बसले. रेवणप्पानं सगळं समजावून सांगितलं: नाका गेला की दाई गेली, आणि नाका टिकायचा तर सगळ्यांनी गाड्या नाक्यावरून न्यायच्या. गावानं माना डोलावल्या. ज्याच्या घरात गरवार बाई होती त्यानं जोरात डोलावली. पाटलांनी सांगितलं की ही गावाच्या भल्याची गोष्ट आहे, तेव्हा यात मागंपुढं बघू नये. दुसऱ्या दिवशी पाटलांचीच मिरची बाभळबनातून पलीकडं गेली. विचारलं तर म्हणाले, ती आधीच भरून ठेवली होती.

महिनाभर नाक्यावरून फक्त रेवणप्पा जात राहिला. त्याचं दुकान बसायला आलं. गौरव्वाला सातवा सरत आला. हमिदाबी आठवड्यातून एकदा येऊन तिला तपासून जाई आणि जाताना चन्नम्माला सांगे की पोरीला पाण्याची कळशी उचलू देऊ नका. मूल आडवं आहे की काय अशी तिला शंका होती, पण ती शंका तिनं चन्नम्मालाच सांगितली. चन्नम्मानं ती त्याच रात्री रेवणप्पाला सांगितली.

शेवटी वाण्याच्या डोक्यातून वाण्याचीच युक्ती निघाली. त्यानं पाहिलं की मीठ महाग झालेलं लोकांना खपत नाही. पण जत्रेची वर्गणी म्हटली की हेच लोक निमूट देतात. पैसा दोन्हीकडं एकाच कनवटीचा. मग मीठ स्वस्तच राहू द्यावं, बाभळबनातूनच येऊ द्यावं, आणि जकात तेवढी वेगळी भरावी. पण नुसती जकात सरकार घेत नाही. त्याला माल दाखवावा लागतो.

माल म्हणून गावानं घरटी थोडी थोडी मिरची दिली. ती बिरदेवच्या गाडीत भरली. गाडी नाक्यावरून पलीकडं गेली; जाताना जकात भरली. पलीकडं बिरदेवनं बैल सोडले, भाकरी खाल्ली, झाडाखाली झोप काढली, आणि तीच मिरची घेऊन नाक्यावरून परत आला. येताना जकात भरली. जकातीला पैसे लागत म्हणून दर खेपेला पलीकडं थोडी मिरची विकली जाई, आणि ती कमी पडली की गाव पुन्हा भर घाली.

या युक्तीला गाव भलतंच राजी झालं. ज्यांनी दाईसाठी दमडी सोडली नव्हती, ते आता स्वतःहून मिरची आणून देऊ लागले. कारण यात सरकारला फसवायचं होतं. सरकारला फसवायचं म्हणून होळेवाडीनं सरकारचा कर इतक्या हौसेनं भरला की तसा तो मोगलाईत दुसरीकडं कुठं भरला गेला असेल असं वाटत नाही. बिरदेवची गाडी निघाली की पारावरची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत.

खाजामियाँनं चौथ्या-पाचव्या खेपेला मिरची ओळखली. एका पोत्याला निळं ठिगळ होतं. तो बिरदेवला म्हणाला, "तुजी मिरची लई फिरस्ती हाय रं. आमच्या पीरसाहेबांच्या फकिरापेक्षा जास्त चालली." पण त्यालाही नोकरी हवी होती, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या मिरचीवर जकात घेऊ नये असा कायदा नव्हता. अमीनसाहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग वरून शाबासकीची चिठ्ठी आली आणि आठ्या गेल्या. साहेबांच्या नाक्यावर व्यापार वाढतोय असं वरच्यांचं मत झालं होतं. वरच्यांचं मत झालं की खालच्यांनी ते मोडू नये, एवढी समज साहेबांना होती.

फिरून फिरून मिरचीचं तुकड्यांत रूपांतर झालं, तुकड्यांचं भुकटीत. बिरदेव दिवसभर शिंकत असे. पण हिशेबात होळेवाडीचा नाका अमल्याचा पगार भागवून वर सरकारला देऊ लागला होता.

वैशाखाच्या सुरवातीला करोडगिरीचे मोठे साहेब, मोहतमीम, स्वतः नाका बघायला आले. मोटारीतून आले. गावानं कमान उभारली. मोटार गाडीवाटेवरच्या फुफाट्यात कमानीच्या अलीकडंच रुतली, तेव्हा पाटलांचे बैल जोडून ती कमानीखालून ओढत आणली. साहेबांनी धूळ झटकली, नाका बघितला, अमीनसाहेबांची पाठ थोपटली, आणि विचारलं की या एवढ्याशा गावातून एवढी मिरची जाते-येते ती कशी. अमीनसाहेबांनी सांगितलं की हुजुरांच्या राज्यात लोक सुखी आहेत आणि तिखट खातात. मोठे साहेब खूश झाले. जाताना मोटार परत रुतली.

पंधरवड्यात हुकूम आला. त्यात होळेवाडीच्या वाढत्या व्यापाराबद्दल समाधान होतं. पुढं लिहिलं होतं की एवढा व्यापार असल्या कच्च्या वाटेवर चालवणं बरं नाही, रयतेची गैरसोय होते, मोटार येऊ शकत नाही; तरी नाका दोन कोसांवरच्या पक्क्या सडकेवर हलवावा आणि त्याचा दर्जा वाढवावा. अमला, दवाखाना आणि दाई नाक्याबरोबर जातील. खाजामियाँचं वय झालं असल्यानं त्याला घरी बसवावं.

पाटलांनी हुकूम वाचून घेतला आणि पागोटं सारखं केलं. "रेवणप्पा," ते म्हणाले, "न्हाय भरलं तर नाका बंद. भरलं तर नाका सडकंवर. थोडं कमी भराया पायजे व्हतं."

किती कमी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रेवणप्पाला तर त्या दिवशी पारावर बसवेना. गौरव्वाला नववा लागला होता.

तो हमिदाबीकडं गेला. ती पेटी भरत होती. रेवणप्पानं नेहमीसारखं आडवळणानं सुरू केलं: उन्हाळा फार आहे, सडकेवर सावली नाही, पाणी मचूळ आहे. हमिदाबीनं ऐकता ऐकता कापसाची गुंडाळी पेटीत ठेवली, मग ती म्हणाली, "अण्णा, सीदं बोला. गौरव्वासाठी आलाव ना?"

रेवणप्पा म्हणाला, व्हय.

तिनं सांगितलं की तिला राहायला हरकत नाही. सडकेवरचा दवाखाना अजून बांधायचाच आहे, तोवर तिथं ती खुर्चीसारखी बसून राहणार. वरती रजेचा अर्ज ठेवता येईल. पण रजेवर पगार नाही, आणि नळदुर्गला तिची आई आहे, ती रजेवर जेवत नाही. सरकार देत होतं तेवढं गाव देईल तर ती राहील.

गावानं एकमुखानं हो म्हटलं. यात कुणाचा खोटेपणा नव्हता. पहिला महिना भरायच्या आत रेवणप्पा पायली घेऊन घरोघर फिरला. एकानं ज्वारी दिली, ती किडकी होती. एक म्हणाला, आमच्या घरात आता कुणी बाळंत होणारं नाही, म्हातारीच आहे तेवढी. एकानं विचारलं की पाटलांनी किती दिले, आणि पाटलांनी विचारलं की बाकीच्यांनी किती दिले. गेल्याच महिन्यात याच घरांनी फिरत्या मिरचीसाठी सूप भरून दिलं होतं. पण तेव्हा सरकार फसत होतं. आता नुसतं दाईचं पोट भरायचं होतं, त्यात मजा नव्हती.

रेवणप्पाच्या एक गोष्ट ध्यानात आली. लोक हातात देत नाहीत, वाटेत अडवलं तर देतात. सरकार इतकी वर्षं तेच करत आलं असावं. बांबू सरकारनं नेला होता. त्यानं मोटेच्या सोलाची जाड दोरी घेतली, जुन्या नाक्याच्या दोन खांबांना आडवी बांधली आणि घरी बसलेल्या खाजामियाँला तिथं बसवलं. खाजामियाँ आपला जुना खाकी कोट घालून आला. त्याची बटणं सरकारनं काढून घेतली होती. ठरलं असं की येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीकडून सरकारच्या निम्म्यानं घ्यायचं, ते दाईचं. तहसिलातून कुणी आलंच तर दोरी धोतरं वाळवायला बांधली आहे असं सांगायचं. त्यासाठी एक धोतर तिच्यावर कायम टाकलेलं असे.

परगावच्या गाड्या थांबू लागल्या. त्यांना वाटलं नाका तिथंच आहे, फक्त गरीब झाला आहे. पण परगावच्या गाड्या थोड्या. होळेवाडीच्या गाड्या मात्र होळेवाडीनंच बसवलेल्या नाक्याला बगल देऊन, बाभळबनातून, पूर्वीसारख्या जात राहिल्या. खाजामियाँ दोरीजवळ बसून त्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐके.

रेवणप्पा दोन खेपा दोरीखालून गेला. दोन्ही वेळा त्याचं मीठ बिरदेवच्या मिठापेक्षा महाग पडलं. चन्नम्मा म्हणाली की नाका तुमचा, दोरी तुमची, आणि भरणारेही तुम्हीच; असलं राज्य निजामाला जमलं नसतं.

जेठ निम्मा सरत आला, पाऊस अजून नव्हता, तेव्हा तो सोलापूरहून माल घेऊन येत होता. दुपारचं ऊन होतं. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर वाट फुटते तिथं बैल बाभळबनाकडं वळले. त्यानं त्यांना वळवलं नाही. कासरा हातात होता, तो ओढला नाही, एवढंच. त्यानं मनाशी मांडलं की आपण आजवर सगळ्यांच्या वाट्याचं भरलं आहे, एखादी खेप सोडली तर दाईला काय कळणार आहे.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात, बाभळीच्या सावलीत, हमिदाबी उभी होती. डोक्यावर पेटी, काखेत बोचकं. पक्क्या सडकेची पायवाट तिथूनच जाते. तिनं गाडी बघितली, पोती बघितली, मग रेवणप्पाकडं बघितलं.

"चाललाव व्हय, हमिदाबी?" रेवणप्पा म्हणाला.

"पगार न्हाई आला, अण्णा. खाजाभाई म्हणतो गाड्याच येत न्हाईत." तिनं पेटी खाली ठेवली. "मला वाटलं बाकीच्यांच्या येत नसतील."

रेवणप्पा गाडीवर बसून राहिला. त्याला उतरताही येईना आणि हाकताही येईना. तेवढ्यात गावाकडून बिरदेव धावत आला. तो हमिदाबीलाच शोधत होता. गौरव्वाला सकाळपासून कळा येत होत्या, आणि चन्नम्मा दवाखान्यावर गेली तर खोलीला कुलूप होतं. आता पोरीला शुद्ध राहत नव्हती.

हमिदाबीनं पेटी गाडीत टाकली आणि मिठाच्या पोत्यांवर चढून बसली. बाभळबनातून वर चढणारी वाट खडकाळ होती, गाडी हिंदकळली असती; ती म्हणाली, सरळ वाटेनं घ्या. सरळ वाटेवर दोरी होती.

खाजामियाँ उठून उभा राहिला. त्यानं गाडी ओढ्यातून, बाभळबनाच्या बाजूनं, येताना बघितली होती.

"माल काय हाय, अण्णा?"

"खाजाभाई, सून अडलीया माजी."

"ऐकलं म्या," खाजामियाँ म्हणाला. "दाई बी चालली व्हती, ते बी बघितलं. माल काय हाय?"

रेवणप्पानं हमिदाबीकडं पाहिलं. तिनं कुणाची बाजू घेतली नाही. ती पेटी घेऊन गाडीतून उतरली, धोतर बाजूला सारून दोरीखालून वाकून गेली आणि झपाझप गावाकडं चालू लागली. जाताना म्हणाली, "तुमी बोला निवांत. तुमचं तिथं काय काम न्हाई."

ते खरं होतं. बाळंतघराच्या दारात बाप्याचं काम नसतं. रेवणप्पानं कनवटी सोडली. मीठ, सुपारी, कापड, सगळं सांगितलं. मग स्वतःहून म्हणाला की मागच्या पंधरवड्यात बाभळबनातून गेलेली आणि पाटलांची म्हणून खपलेली एक खेप खरं तर त्याचीच होती. खाजामियाँनं तिचेही पैसे घेतले. आणखी काही आठवतंय का म्हणून तो थोडा थांबला. रेवणप्पाला आणखी आठवलं. बिरदेव शेजारी उभा राहून हे सगळं बघत होता, आणि त्याचे डोळे असे झाले होते की जणू त्याला जत्रेतल्या तंबूतला खेळ फुकट दाखवला.

पोर आडवंच होतं. हमिदाबीनं ते कसं वळवलं हे चन्नम्मानं पुढं पुष्कळ जणींना सांगितलं, पण प्रत्येक वेळी वेगळं, तेव्हा ते सोडून देऊ. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. रडायला तिनं वेळ लावला, आणि तेवढ्या वेळात उंबऱ्याबाहेर बसलेल्या रेवणप्पानं जी काही देवांची नावं घेतली, त्यात पीरसाहेब आणि खंडोबा दोघंही होते. मग ती रडली. गौरव्वा जगली. चन्नम्मानं बाहेर येऊन सांगितलं, आणि रेवणप्पा बसल्या जागीच हसला.

बिरदेवनं मात्र त्याच संध्याकाळी दुसरी बातमी गावभर केली होती: रेवणप्पाला पकडलं. चोरवाटेनं माल आणताना, त्याच्याच दोरीवर, त्याच्याच माणसानं पकडलं, आणि जुनं-नवं सगळं वसूल केलं. नातीच्या बातमीपेक्षा ही बातमी लवकर पोचली आणि जास्त दिवस टिकली. ज्ञानोबा पाटलांनी ती बिरदेवकडून तीनदा सांगून घेतली.

त्यानंतरच्या बाजाराला होळेवाडीच्या तीन गाड्या दोरीवरून गेल्या. पुढच्या बाजाराला आणखी काही. कुणी त्यांना उपदेश केला नव्हता. ते खाजामियाँला पैसे देत आणि विचारत, वाण्यानं किती दिले, खाजामियाँ सांगे, मग ते समाधानानं आपले देत. वाण्याला सूट मिळाली नाही, मग आपण दिलं तर फसलो असं होत नाही, असा काहीसा त्यांचा हिशेब असावा. पाटलांची गाडी सगळ्यात शेवटी आली, पण आली. कारण पाटलांना पकडलं अशी बातमी होणं पाटलांना परवडणारं नव्हतं.

रेवणप्पाला पहिले काही दिवस या चेष्टेचा राग आला. बिरदेवशी त्यानं बोलणं सोडलं. मग त्याच्या लक्षात आलं की ज्या दिवशी ही गोष्ट पारावर रंगते, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोरीवर गाड्या जास्त थांबतात. तेव्हापासून दुकानात परगावचा कुणी गाडीवान आला, की तो नातीला मांडीवर घेऊन स्वतःच ती गोष्ट सुरू करी: आपण कसे चोरून येत होतो, खाजाभाईनं कसं धरलं, किती भरावं लागलं. भरलेला आकडा तो दर खेपेला थोडा वाढवून सांगे. हमिदाबी शेजारी पोरीचं वजन सुपारीच्या तागडीत बघत असली तरी त्याला दुरुस्त करत नसे. तिचा पगार अजून थोडा कमीच पडत होता.